म्हादईच्या काठी तंबू टाकायचा असेल तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात नदीकाठी मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते. ते कुणाचे तरी कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग असते, कुणाची काजूची बाग असते, देवराई असते, नाहीतर वनखात्याची हद्द. त्यामुळे म्हादई, रगाडा किंवा वाळवंटीच्या काठी तंबूत रात्र काढायची असेल तर सामान भरण्याआधी विचारायला जावे लागते.

आधी हद्द, मग मालक

म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झाले. सुमारे २०८ चौरस किलोमीटर. सत्तरीतली बरीच गावे त्याच्या आत किंवा त्याला लागून आहेत, आणि कुठे गावची जमीन संपते नि अभयारण्य सुरू होते हे जागेवर उभे राहून कळत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बाहेरच्या माणसाला अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. मुक्काम तर दूरच. मनात असलेल्या जागेचे नाव घेऊन आधी वनखात्याच्या वाळपईच्या कार्यालयात विचारा. हद्दीत येत असेल तर तो बेत सोडा.

खासगी जमीन असेल तर मालकाच्या घरी दिवसाउजेडी जा. संध्याकाळी सात वाजता हेडलाइट मारत अंगणात शिरलेल्या गाडीला कोण जागा देईल? किती माणसे, किती रात्री, गाडी कुठे लावणार, दारू असणार का, हे त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच सांगून टाका. पैशांचेही आधीच बोला. शक्य असेल तर रात्रीचे जेवण त्यांच्याकडेच सांगा: उकड्या तांदळाचा भात, हुमण म्हणजे माशांची आमटी, एखादा भाजलेला सुका बांगडा. तुमचा स्वयंपाक वाचतो आणि त्या घराला चार पैसे मिळतात. मुख्य म्हणजे जेवता जेवता नदीची खरी माहिती कळते. “हांगा नाका, वयर मरडार घालात” (इथे नको, वर उंचवट्यावर घाला) असे घरातले वयस्कर माणूस म्हणाले तर कारण न विचारता तंबू उचलून मरडावर न्यायचा. कारण नंतर कळते: कधी गव्यांची वाट, कधी देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदाराची जागा. दोन्हींचा मान ठेवायचा असतो.

नदीकाठच्या सपाट, मऊ गाळावर तर विचारल्याशिवाय पाऊलही टाकू नका. काही गावांत पावसाळा ओसरला की नदीच्या गाळात पुरण शेती करतात. शहरातून आलेल्याला जी तंबूची आयती जागा वाटते ती कुणाच्या तरी पोटापाण्याची असते.

केव्हा जायचे

नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी. जून ते ऑक्टोबर नाव काढू नका. वाळपई हे गोव्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे आणि घाटात कोसळलेला पाऊस इथे आकाश कोरडे असतानाही पाणी चढवतो. फेब्रुवारीपासून काजूचा हंगाम. बोंडांच्या वासाने गवे, साळिंदर, क्वचित अस्वलही बागेत येते आणि राखणीची माणसे रात्रभर फिरतात. त्या दिवसांत काजूच्या बागेत तंबू नकोच.

जागा कशी वाचायची

इथे घाई करू नका. पाण्याजवळ उभे राहा आणि पाण्याकडे न बघता काठावरच्या झुडपांकडे बघा. फांद्यांत अडकलेले वाळके गवत, काड्या, फाटलेली प्लास्टिकची पिशवी, एखादी चप्पल असे काहीतरी तुमच्या गुडघ्याच्या, कधी डोक्याच्याही वर लटकलेले दिसेल. गेल्या पुरात पाणी तिथवर आले होते. तंबू त्या रेषेच्या वर, आणि पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर मागे. खडकाळ पात्रातल्या बेटावर फोटो छान येतात, पण तिथे झोपायचे नाही. वर धरण असलेल्या नदीवर, म्हणजे तिळारीच्या पाण्यावर चालणाऱ्या शापोरेसारख्या ठिकाणी, पाणी कधी सोडतात हे गावात विचारून ठेवा.

म्हादई खाली मांडवी होते, त्या खालच्या भागाचा हिशोब वेगळा. समुद्राची भरती आत गांजे गावापर्यंत पोचते. त्याच्या खाली काठ चिखलाचा, पाणी मचूळ, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला संध्याकाळचा कोरडा काठ रात्री पाण्याखाली. कुंभारजुव्याच्या बाजूला तर मगरी आहेतच. वरच्या गोड्या पाण्यातही त्या नसतील असे धरून चालू नका. कोंडीच्या काठाशी भांडी घासत बसू नका आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नका.

आता वर बघा. माडाखाली तंबू नको, नारळ आणि चुडते सांगून पडत नाहीत. वाळकी फांदी असलेले झाड नको. पाने एकत्र शिवलेले गोळे दिसले तर ती हुमल्यांची, म्हणजे चावणाऱ्या तांबड्या मुंग्यांची घरटी. बांबूच्या बेटाला, दगडी गडग्याला आणि पालापाचोळ्याच्या ढिगाला टेकून झोपायचे नाही. फुरसे आणि घोणस यांना तीच जागा आवडते.

तंबू

स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा, घुमटाकार, वर वेगळे पावसाळी आवरण असलेला तंबू घ्या. कारण खुंट्या. जांभ्यावर खुंटी ठोकली की दोन बोटे आत जाते, टक्क वाजते आणि वाकते. नदीच्या गोट्यांत तर ती धरतच नाही. दोऱ्या लांब ठेवा आणि डोक्याएवढ्या दगडांना बांधा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव इतके पडते की आवरण पिळून काढावे लागते, म्हणून आवरण लावाच. पण हवा खेळायच्या खिडक्या बंद करू नका. बंद केल्या की तुमच्याच श्वासाचे पाणी आतून टपकते. तंबूखाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद तंबूच्या तळापेक्षा थोडा लहान असावा, बाहेर डोकावला की पाणी आत खेचतो. जाळीची चेन कायम लावलेली.

विस्तव, पाणी, शौच

गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक आणि मद्यपान करायला बंदी आहे. २००१ च्या कायद्यात २०१९ साली तशी दुरुस्ती झाली. धबधब्याच्या पायथ्याशी किंवा तांबडी सुर्लाच्या देवळाच्या आसपास चूल मांडण्याचा विचारही नको. मालकाच्या अंगणात त्यांच्या परवानगीने लहान गॅसची शेगडी चालते. शेकोटी मला तरी नकोच वाटते. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात दिवसच्या दिवस आगी धुमसत होत्या. वाळक्या पाल्यात एक निखारा बास होतो.

प्यायचे पाणी घरच्या विहिरीचे मागा. नदीचे घ्यावेच लागले तर फडक्यातून गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

शौचाला मालकाच्या घरी सोय असेल तर उत्तम. नसेल तर पाण्यापासून सत्तर मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, नंतर मातीने बंद. कागद पिशवीत परत न्या.

रात्र आणि त्यानंतर

बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला. रात्री उठलात तर आधी बॅटरी, मग पाय. खाण्याच्या वस्तू गाडीत. बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून ती कुठल्या वळणावर मिळते हे उजेडातच बघून ठेवा. साप चावला तर न कापता, न चोखता, आवळून न बांधता १०८ ला फोन करायचा आणि त्या माणसाला चालू न देता सरळ रुग्णालयात न्यायचे. जवळचे वाळपईला, मोठे बांबोळीला.

गोचिडीबद्दल मात्र सवडीने सांगतो, कारण लोक ती हसण्यावारी नेतात. सत्तरीत २०१५ मध्ये पाली गावातून माकडताप पुढे आला आणि नंतरच्या काळात त्याने माणसेही गेली. हा विषाणू गोचिडीतून येतो, आणि डिसेंबर ते मे हा तिचा काळ, म्हणजे तुमच्या हंगामाशी अर्धाअधिक जुळणारा. पालापाचोळ्यावर थेट बसू-लोळू नका. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला गोचीड पळवणारे तेल. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंघोळ करताना काखा, कानामागे, कमरेची घडी तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. पुढच्या आठ-दहा दिवसांत कडक ताप आणि अंगदुखी झाली तर घरी पॅरासिटामॉल घेत बसण्यापेक्षा डॉक्टरकडे जा आणि सत्तरीच्या जंगलात झोपलो होतो हे पहिल्या वाक्यात सांगा.