टिपकागदासाठी बदललेले सेल्युलोज तंतू
उसाच्या चिपाडाचा लगदा सांगली परिसरात सहज करता येतो, पण त्याचे तंतू आखूड असल्याने कागद दाट आणि कडक होतो. टिपकागदासारखी शोषकता हवी असेल, तर त्यात सायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेले कापसाचे तंतू मिसळावेत. विट्याच्या यंत्रमागांवरील वाया गेलेले सूत चालेल, मात्र जळताना वितळून गोळी होणारा धागा पॉलिएस्टरचा असतो, तो आधीच वगळावा. सुटे केलेले तंतू सायट्रिक आम्ल आणि सोडियम हायपोफॉस्फाइट (आम्लाची प्रक्रिया घडवण्यास मदत करणारे उत्प्रेरक) यांच्या द्रावणात भिजवून पिळावेत, वाळवून पिंजावेत आणि ओव्हनमध्ये सुमारे १६० अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवावेत. या तापमानाला आम्ल सेल्युलोजच्या, म्हणजे तंतू ज्याचे बनलेले असतात त्या पदार्थाच्या, साखळ्यांना एस्टर नावाच्या रासायनिक बंधांनी जोडते, त्यामुळे तंतू ताठ राहतो, पाण्यात चपटा होत नाही आणि कागदात पोकळ्या टिकतात. तंतू पिवळे पडू लागले की तापवणे थांबवावे. उरलेले आम्ल धुऊन काढणे अत्यावश्यक आहे, अन्यथा कागद लवकर ठिसूळ होतो. हे तंतू बीटरमध्ये, म्हणजे लगदा कुटण्याच्या यंत्रात, मुळीच कुटू नयेत; लगदा तयार झाल्यावर शेवटी ढवळून घालावेत. सुरुवात कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांनी करावी, कारण प्रमाण वाढेल तशी शोषकता वाढली, तरी ताठ तंतू एकमेकांना नीट धरत नाहीत आणि कागद सहज फाटतो.