ईव्ही घेतलीत? मग निदान या चुका तरी टाळा

चार वर्षांपूर्वी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत इलेक्ट्रिक गाडी माझ्या एकट्याची होती. आता अकरा आहेत. नवी गाडी आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमची बेल वाजते. प्रश्न तेच असतात आणि उत्तर पूर्ण ऐकायला कुणालाच वेळ नसतो.

पहिली चूक चार्जिंगच्या पॉइंटची. डिलिव्हरी पाडव्याला ठरलेली असते आणि पॉइंटसाठी सोसायटीकडे साधा अर्जही केलेला नसतो. मग पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडतात. वर ऐकवतात, "यावर गीझर चालतो की!" अहो, गीझर 9 अँपिअर घेतो, तोही पंधरा-वीस मिनिटं. गाडीचा साधा 3.3 किलोवॉटचा चार्जर 14 अँपिअरच्या वर खेचतो, सलग आठ-नऊ तास. एक्स्टेंशनचा प्लग वितळताना त्याचा वास घ्यायला कुणी जागं नसतं.

पण याहून मोठा गाढवपणा मी स्वतः केलाय. आमची बिल्डिंग जुनी. पार्किंगच्या भिंतीवरच्या प्लगमध्ये चार्जर लावला की लाल दिवा. वायरमन आला, म्हणाला, "साहेब, अर्थिंग नाहीये. दोन मिनिटांचं काम." खरोखरच दोन मिनिटं लागली. दिवा हिरवा झाला, मी खुशीत तीनशे रुपये दिले, वर चहा पाजला. तीन आठवड्यांनी जुलैचा पाऊस, पार्किंगमध्ये घोटाभर पाणी, गाडी चार्जिंगला. दरवाजाला हात लावला तर बोटांना मुंग्या आल्या. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "तुला काहीही वाटतं." मग तिनेच हात लावला आणि दोन पावलं मागे सरकली. दुसऱ्या वायरमनने प्लगची प्लेट उघडून दाखवली: न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणि अर्थच्या मध्ये बोटभर वायरचा तुकडा. अर्थिंग आहे असं चार्जरला वाटावं, एवढ्यासाठी! मागे कुठे न्यूट्रल सुटली असती तर गाडीचा अख्खा पत्रा 230 व्होल्टवर गेला असता, आणि आम्ही दोघं पाण्यात उभे.

हाच उद्योग आता तयार पिनमध्ये घालून विकतात आणि लोक तो कौतुकाने घेऊन येतात. चार्जर चार्ज करायला नकार देतो तेव्हा तो तुमचा जीव वाचवत असतो, त्याला गंडवू नका. मी शेवटी काय केलं? अर्थिंगचा नवा खड्डा, स्वतःच्या मीटरपासून 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळी एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच). सोसायटीची एनओसी, केबल कुठून न्यायची यावरची भांडणं धरून अडीच महिने गेले. तोवर बाहेर पैसे देऊन चार्ज केली. आजही चार्जिंग सुरू केल्यावर तासाभराने खाली जाऊन प्लगला हात लावून बघतो. कोमट असला तर ठीक, चटका बसला तर चार्जिंग बंद आणि वायरमनला फोन.

दुसरी चूक, गाडी अजून किती किलोमीटर जाईल हे सांगणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवण्याची. पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेज शहरात मार खातं, ईव्हीचं उलटं. एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये रांगत गेलात की ब्रेकिंगमधून वीज परत मिळते आणि काटा सुखावतो. मग तोच आकडा धरून लोक पुण्याला निघतात. माझा मेहुणा असाच निघाला. काट्यावर 175 किलोमीटर, पुणे दीडशे, "खालापूरला चार्जिंगच्या रांगेत कशाला थांबायचं?" एक्स्प्रेसवेवर 100 चा वेग, पुढे घाट. खोपोली ते लोणावळा साधारण साडेपाचशे मीटरचा चढ आहे. चार माणसं आणि सामान धरलं तर 30 युनिटच्या बॅटरीतले जवळपास 3 युनिट नुसते वर चढण्यात जातात. लोणावळ्यात एसी बंद, खिडक्या उघड्या, आणि मागे बसलेल्या सासूबाई काही न बोलता पदराने वारा घेतायत. ईव्हीला टोल माफ आहे, त्या वाचलेल्या पैशांत खालापूरला वडापाव खाऊन चार्जिंग होतं की! मी घाटाच्या पायथ्याशी निम्मी बॅटरी असल्याशिवाय वर जात नाही. वाटेतल्या दोन चार्जरची ॲप घरूनच, पैसे भरून, तयार ठेवतो. चार्जरसमोर उभं राहून ओटीपीची वाट बघण्यासारखं अपमानास्पद काही नाही.

फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांनंतर चिकटून बसू नका. तिथून वेग पडतो आणि मागचा माणूस तुम्हाला शिव्या घालत असतो.

पावसाळ्यात 'आयपी 67' (बॅटरीत पाणी न शिरण्याचं मानांकन) हा मंत्र म्हणून मिलन सबवेत गाडी घालणारे महाभाग आहेत. ती चाचणी 1 मीटर स्थिर पाण्यात अर्ध्या तासाची असते. सबवेतलं पाणी स्थिर नसतं, शेजारून बस गेली की लाट येते आणि झाकण निघालेलं गटार तर दिसतही नाही. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी दिसलं की मी गाडी वळवतो, मग मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवू देत. गाडी पाण्यात बुडाली असेल तर सर्व्हिसवाल्यांनी तपासल्याशिवाय चार्जरला लावायची नाही, "बघू तरी होते का" म्हणूनसुद्धा नाही.

बॅटरी 100 टक्के भरलेली असताना रीजन (वीज परत मिळवत गाडी हळू करणारं ब्रेकिंग) जवळपास मिळत नाही, तेव्हा सकाळी बिल्डिंगच्या उतारावर पाय ब्रेकवर हवा. टायरची हवा पंधरा दिवसांनी बघा, या गाड्या जड असतात.

आणि ती छोटी 12 व्होल्टची बॅटरी. आमच्याच सोसायटीतले एक काका महिनाभर मुलीकडे राहून परतले. मोठी बॅटरी 70 टक्के भरलेली, पण ही छोटी उतरलेली, आणि गाडीचा दरवाजासुद्धा उघडेना. शेवटी रिमोटमधली किल्ली काढून दार उघडलं आणि शेजारच्या जुन्या वॅगनआरवरून जंप दिला. वॅगनआर पेट्रोलची. तिचा मालक अजून ही गोष्ट लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतो.