कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू होईना? सेल्फ मारत बसण्याआधी या चुका टाळा

पारा शून्याखाली गेलेल्या सकाळी आपण गाडीत बसतो, किल्ली फिरवतो आणि इंजिन दोनदा कण्हून गप्प होतं. मग हट्टाने पुन्हा सेल्फ, पुन्हा सेल्फ. पाचव्या-सहाव्या वेळी तर आवाजही येत नाही. खरं म्हणजे नेमकं काय बिघडलंय ते गाडीने पहिल्याच आवाजात सांगितलेलं असतं. आपण ऐकलेलं नसतं, हीच सगळ्यात मोठी चूक.

इंजिन रडत-रखडत फिरतंय? बॅटरी अशक्त आहे किंवा ऑइल घट्ट झालंय. मशीनगनसारखी भराभर टकटक येतेय आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावताहेत? बॅटरी उतरलीय, नाहीतर टर्मिनल (बॅटरीला वायर जोडायचं टोक) नीट टेकलेलं नाही. एकच जाड ‘टक’ आणि दिवे मात्र लख्ख असतील, तर संशय स्टार्टर मोटरवर किंवा तिच्या वायरिंगवर घ्या. आणि इंजिन जोमाने फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. भानगड इंधनाची, स्पार्कची किंवा डिझेल गाडीत ग्लो प्लगची (सिलिंडर आधी तापवणाऱ्या कांडीची) आहे.

आवाज कुठलाही असो, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा. स्टार्टर मोटर प्रचंड करंट ओढते, त्यामुळे लवकर तापते. बाहेर बर्फ असला तरी ती आतून जळू शकते.

आता बॅटरी. थंडीत तिची दोन्हीकडून कोंडी होते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, उणे १८ अंशांच्या आसपास तिची ताकद जवळपास निम्मी होते, आणि नेमकं त्याच वेळी घट्ट ऑइलमधलं इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावून बघा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२ च्या आसपास आकडा दिसला तर कडाक्याच्या थंडीत तिच्यावर भरवसा ठेवू नका. पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्यांची बॅटरी हमखास इथे येऊन पोचते, कारण स्टार्टला खर्च झालेलं तेवढ्या वेळात भरूनच निघत नाही.

पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासच गोठू शकते. पोट फुगलेली किंवा तडा गेलेली दिसली तर चार्जर नाही, जम्प स्टार्टही (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडून सुरू करणं) नाही. ती फुटू शकते. नवी घेताना ‘सीसीए’चा (कोल्ड क्रँकिंग अँप्स) आकडा बघा. उणे १८ अंशांना बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, ते त्यावरून कळतं.

एका हिवाळ्यात मी टकटक ऐकून थेट नवी बॅटरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच टकटक. निगेटिव्हचा क्लॅम्प हाताने हलत होता आणि आतून पांढरट-हिरवट थराने भरला होता. खायचा सोडा कालवलेलं कोमट पाणी, जुना टूथब्रश, दहा मिनिटं, एवढ्यात काम झालं. नव्या बॅटरीचे पैसे गेले ते गेलेच. (टर्मिनल सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.)

जम्प स्टार्ट करताना सर्रास होणारी चूक म्हणजे शेवटची काळी केबल उतरलेल्या बॅटरीच्याच निगेटिव्हला लावणं. तिथे ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो. क्रम असा: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगलीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगलीच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या, बॅटरीपासून लांबच्या, रंग नसलेल्या धातूला. काही मिनिटं दुसरी गाडी चालू ठेवा, मगच सेल्फ मारा.

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. मॅन्युअलमध्ये चालतील म्हणून दिलेल्या ग्रेडपैकी सगळ्यात लहान आकडा हिवाळ्यात घाला, त्याबाहेर प्रयोग नकोत. गिअरची गाडी असेल तर सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबा. गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल फिरवायचं ओझं तेवढंच कमी.

डिझेलवाल्यांनी किल्ली एका झटक्यात फिरवू नये. ग्लो प्लगचा वेटोळ्याचा दिवा विझू द्या, फारच थंडी असेल तर हे दोनदा करा. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, त्यावर उपाय हिवाळी डिझेल किंवा डिझेल गोठू न देणारं अँटी-जेल. पण अँटी-जेल गोठण्याआधी टाकायचं असतं, नंतर नाही. डिझेल पातळ करायला त्यात पेट्रोल ओतण्याचा जुना सल्ला आजच्या इंजिनांत पंप आणि इंजेक्टरची वाट लावतो.

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत सुरू करताना ॲक्सिलरेटर फडफडवू नका, ती कार्बुरेटरची सवय. मात्र पेट्रोलचा वास येत असेल, म्हणजे इंजिन ओव्हर झालं असेल, तर बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की इंजेक्शन बंद राहतं आणि साचलेलं पेट्रोल निघून जातं.

सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं जागेवर तापवत ठेवण्यात अर्थ नाही. अर्धा-एक मिनिट थांबा आणि हळू निघा, चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि दार उघडं ठेवलं म्हणजे भागलं असंही नाही.

उणे २० च्या खाली रोजचंच जगणं असेल तर विजेवर इंजिन आधीच गरम करणारा ब्लॉक हीटर बसवून घ्या. निघायच्या दोन-चार तास आधी लावला की पुरतो, रात्रभर वीज जाळायला नको. फक्त निघताना प्लग काढायला विसरू नका. वायर ओढत रस्त्यावर गेलेल्या गाड्या काही कमी नाहीत.

आणि बटनाच्या गाडीत काहीच हललं नाही, तर आधी रिमोटचा सेल तपासा. तोही थंडीत गारठतो. रिमोट थेट स्टार्टच्या बटनाला, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी टेकवून बटन दाबा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.