रविवारी फोंड्याला येताय तर हे बरोबर घ्या

रविवारी आपण एमिटर फॉलोअर (सिग्नल ट्रान्झिस्टरच्या बेसवर देऊन एमिटरवरून घ्यायचं सर्किट) जोडून त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे आउटपुटचा आतला रोध, करंटबरोबर कसा बदलतो ते मोजणार आहोत. शनिवारी रात्रीच सगळं डब्यात भरा, रविवारी एका रेझिस्टरसाठी मडगावभर फिरायची पाळी नको. बीसी ५४७बी ट्रान्झिस्टर चार घ्या, एक एमिटर फॉलोअरला, दुसरा त्याच्या एमिटरखाली करंट सिंक (ठरावीक करंट ओढणारा), दोन जादा. सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

सिंकच्या एमिटरला लावायचा पॉट (फिरवून रोध बदलायचा रेझिस्टर) १ केचा, म्हणजे १००० ओमचा, आणि त्याच्या सिरीजला १२० ओम हवाच हवा. सिंकच्या बेसवर दोन १एन४१४८ डायोड लावले की एमिटरला साधारण ०.६ व्होल्ट मिळतात, मग पॉट एका टोकाला ५ मिलीअँप देतो आणि दुसऱ्या टोकाला अर्धा, तो १२० ओम नसेल तर पॉट शून्यावर आल्यावर करंटला धरबंदच राहत नाही. २६ मिलीव्होल्ट (साध्या तापमानाला ट्रान्झिस्टरचा ठरलेला आकडा) भागिले करंट केलं की आउटपुट इम्पीडन्स ५२ ओमपासून ५ ओमपर्यंत खाली येतो, सगळी गंमत या एका भागाकारात आहे.

पण सोर्स, म्हणजे बेसला सिग्नल देणारं उपकरण, नीट निवडा. जनरेटर ६०० ओमवाला चालेल, बीटा (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा) ३०० धरला तर सोर्सचे ओम भागिले बीटा, म्हणजे दोनच ओम वाढतात. १० केचा सोर्स लावलात तर बायसचे (बेसला स्थिर व्होल्टेज देणारे) दोन १० के रेझिस्टर पॅरलल धरून बेसला ३.३ के दिसतात, म्हणजे ११ ओम कायमचे चिकटले, पॉट कितीही फिरवा ते जात नाहीत. बहुतेक जण इथेच फसतात आणि दोष ट्रान्झिस्टरला देतात.

आउटपुटचा कपॅसिटर १०० मायक्रोचाच आणा. मी एकदा १० मायक्रोचा लावला होता, १ किलोहर्ट्झला त्याचेच १६ ओम होतात, दोन संध्याकाळी गेल्या पण आकडा ५ च्या जवळ येईना!

मोजायला स्कोप (सिग्नलची वेव्ह दाखवणारा ऑसिलोस्कोप) माझ्याकडे आहे, तुम्ही आउटपुटला लावायला ४७ ओमचा लोड रेझिस्टर आणा. सिग्नल २० मिलीव्होल्ट पीकच्या वर नको, नाहीतर वेव्हच वाकडी होते. आधी लोडशिवाय व्होल्टेज, मग लोड लावून, दोघांतला फरक भागिले लोडवरचं व्होल्टेज, गुणिले ४७, तोच आउटपुट इम्पीडन्स.

९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घ्या, पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. आणि जून-जुलैच्या दमट हवेत पडून राहिलेल्या जुन्या पार्टचे पाय काळे पडलेले असतील तर घरूनच ब्लेडने खरवडून आणा, ब्रेडबोर्डमध्ये कॉन्टॅक्ट सैल राहिला तर त्याचे दोन-चार ओमसुद्धा आपल्या ५ ओममध्ये मिसळतात.