स्काऊटचे सोपान: लेकराला राज्य पुरस्कारापर्यंत कसं न्यावं

सोपान म्हणजे पायऱ्या. त्यांचा क्रम आधी डोक्यात पक्का करा: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. गाइडच्या मुलींनाही हाच. कब-बुलबुल म्हणजे स्काऊट-गाइडच्या आधीचा लहान पोरापोरींचा विभाग. कबच्या पायऱ्यांना चरण म्हणतात, बुलबुलच्या पायऱ्यांना पंख, त्यांची इथं सरमिसळ नको. कब नसलेलं दहा वर्षांचं लेकरूही थेट प्रवेशाला बसतं. मधली पायरी मात्र गाळता येत नाही आणि प्रत्येक पायरीवर ठरलेले महिने काढावेच लागतात. नववीच्या दिवाळीनंतर येऊन "सर, दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणे, तेवढं उरकून टाका" म्हणणाऱ्या पालकांना मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

प्रवेशाला वचन, नऊ नियम, खूण, प्रार्थना, झेंडागीत. पोरं हे खेळता खेळता पाठ करतात.

प्रथम आणि द्वितीय सोपानात गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, स्वयंपाक. गाठी फळ्यावर काढून शिकवू नका, प्रत्येकाच्या हातात दोरी द्या. चुलीचा प्रश्न आपल्याकडं नाही. पळाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवायला पोरं माझ्यापेक्षा तरबेज आहेत.

घोडं अडतं ते केलेली कामं लिहायच्या नोंदवहीपाशी.

माझ्या पहिल्या तुकडीची आठ पोरं राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिराला नेली होती. नोंदवह्या आम्ही शेवटच्या दोन रात्री बसून पूर्ण केल्या. शाई एक, वळण एक, वाक्यंही तीच. तपासनीसांनी एक वही उघडली, बोट ठेवलं आणि पोराला विचारलं, "एप्रिलात झाडं लावलीस? पाणी कुठून घातलंस?" आमच्या गावाला तेव्हा टँकर चालू होता. पोरगं माझ्याकडं बघत म्हणालं, "सरांनी लिही म्हणले." आठही वह्या परत आल्या. त्या पोरानं क्लोव्ह हिचची गाठ डोळे मिटून बांधली असती, पण गाठीपर्यंत पाळी आलीच नाही.

तेव्हापासून माझा नियम असा. ज्या दिवशी काम, त्याच दिवशी नोंद, आणि तीही लेकराच्या हातची. चार ओळी पुरतात: काय केलं, कुठं केलं, सोबत कोण होतं, काय फसलं. फसलेलं लिहायला मी मुद्दाम लावतो. "खिचडी करपली, तळाला मीठ राहिलं" ही ओळ कुणी घरी बसून रचत नाही. दर शनिवारी मी सही करतो. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'आदर्श नोंदवही'चे फोटो पोरांना दाखवूसुद्धा नका.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. दिवाळी झाली की निम्मी पोरं आई-बापासोबत ऊसतोडीला जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मधले महिने भरून काढायचा मोह होतो, मलाही झालाय. भरू नका. "कारखान्यावर होतो" एवढंच लिहू द्या. उसाच्या फडात त्यानं धाकट्या बहिणीला सांभाळलं असेल, कुणाचं कोयत्यानं कापलेलं बोट बांधलं असेल, तर तेही लिहायला सांगा. मी तरी त्याला सेवाच म्हणतो. सोपानाची जड कामं जुलै ते ऑक्टोबरात उरका, त्या काळात वर्ग भरलेला असतो.

प्रावीण्य पदकं निवडताना गावाकडं बघा. स्वयंपाक, सायकल, बागकाम जमतं. जलतरणाच्या मागं लागाल तर उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसत असतो.

राष्ट्रपती पुरस्काराची चाचणी राष्ट्रीय पातळीवर होते, पण वही खरी असली की वहीसाठी तिथं वेगळं काही करावं लागत नाही.

शिबिराला जाताना दोरी स्वतःची न्या, सुती आणि वापरून मऊ झालेली. कोरी नायलॉनची दोरी बांधणीत, म्हणजे काठ्या एकमेकींना बांधताना, घसरते आणि पोरगं घाबरून शेवटची गाठ मारायलाच विसरतं.