परस्पर संमतीचा घटस्फोट लांबतो कशामुळे? या चुका टाळा

"दोघंही तयार आहोत, भांडण काही नाही. मग महिनाभरात होऊन जाईल ना?" कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना पहिल्या भेटीत हा प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. माझ्या अनुभवातलं उत्तर असं आहे: सगळं नीट ठरलेलं असेल आणि अर्जानंतर सहा महिने थांबण्याच्या अटीतून कोर्टाने सूट दिली, तर दोन-तीन महिन्यांत. सूट मिळाली नाही तर सात ते नऊ महिने. आणि अटी अर्धवट ठेवून अर्ज केला, तर वर्ष-दीड वर्षसुद्धा. यातला बराचसा वेळ कोर्टाबाहेरच वाया जातो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी कायदा थोडक्यात. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली कलम १३-ब आलं. नवरा-बायको किमान एक वर्ष वेगळे राहत असतील, तर दोघं मिळून अर्ज करू शकतात. त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि अर्जाच्या तारखेपासून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टाला सांगायचं की निर्णय कायम आहे. नोंदणी विवाह विशेष विवाह कायद्याखाली झाला असेल तर कलम २८ लागतं, रचना तीच. इतर धर्मांच्या विवाहांना वेगळे कायदे आहेत. इथे मी या दोन कायद्यांपुरतंच बोलतो आहे.

वेगळं राहायला लागल्याची तारीख अंदाजाने लिहू नका

ही सगळ्यात दुर्लक्षित चूक. अर्जात "जून" लिहिलेलं असतं, कोर्टाच्या समुपदेशकासमोर बायको "दिवाळीनंतर" म्हणते, नवरा म्हणतो "नक्की आठवत नाही". तिथेच शंका येते आणि पुढची तारीख पडते. दोघांनी एकत्र बसून तारीख पक्की करा, आणि ती खरीच असू द्या. शपथेवर खोटं लिहिलेलं पुढे कधीही अंगाशी येऊ शकतं. एकाच घरात राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसाल तर ते वेगळं राहणंच धरलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केलं आहे. नाइलाजाने एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ते लपवू नये, अर्जात तसंच लिहावं.

याच तारखेवर सूट अवलंबून असते. सप्टेंबर २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सहा महिन्यांची अट माफ करता येते. त्यासाठी अर्जाआधीच वर्ष आणि वरचे सहा महिने, म्हणजे दीड वर्ष, वेगळं राहून झालेलं असावं. समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत. पोटगी, मुलांचा ताबा आणि बाकीचे वाद खरोखर मिटलेले असावेत. सूट मागणारा अर्ज मूळ अर्जानंतर आठवड्याभराने देता येतो. २०२१ च्या दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की ही यादी अंतिम नाही, इतर परिस्थितीही पाहता येते. पण सूट हा हक्क नव्हे, ते न्यायाधीशांच्या विवेकावर आहे.

आता हिशेब करा. वेगळं राहून सोळा महिने झालेत आणि आज अर्ज केला, सूट मिळाली नाही, तर बाविसाव्या महिन्याच्या आत काही होत नाही. दोन महिने थांबून अठराव्या महिन्यात अर्ज केला आणि सूट मिळाली, तर विसाव्या महिन्यापर्यंत मोकळे होऊ शकता. घाईने दाखल केलेला अर्ज नेहमी लवकर निकाली निघतोच असं नाही.

"ते नंतर बघू" म्हणून अटी अर्ध्या सोडू नका

खरा उशीर इथे होतो. एका जोडप्याचं सगळं ठरलेलं होतं: रक्कम, दागिने, मुलगा आईकडे. समुपदेशक बाईंनी सहज विचारलं, "मे महिन्याच्या सुट्टीत मुलगा कुणाकडे?" आई म्हणाली, आठ दिवस. वडील म्हणाले, अर्धी सुट्टी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं त्या छोट्याशा खोलीत बाहेर आलं. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या लेखी अटींमध्ये, याबद्दल फक्त एक ओळ होती, "वडील मुलाला सोयीनुसार भेटतील." त्या "सोयीनुसार"पायी अडीच महिने गेले.

त्यामुळे सोयीनुसार, यथावकाश, योग्य वेळी असले शब्द कन्सेंट टर्म्समध्ये येऊ देऊ नका. भेटीचा वार, वेळ, ठिकाण, सणवार, शाळेची फी, आजारपणाचा खर्च, पासपोर्टवरची सही, सगळं लिहा. मुलाच्या पोटगीवर आईने पाणी सोडलं असं लिहून घेणाऱ्यांना मी नेहमी अडवतो. तो हक्क मुलाचा आहे, आणि कोर्टही त्यावर प्रश्न विचारतं.

पैशांचं तसंच. किती, कोणत्या तारखेला, डिमांड ड्राफ्ट की खात्यात, आणि किती हप्ता निकालाआधी, किती नंतर? मार्च २०२५ मध्ये एका नामवंत क्रिकेटपटूच्या प्रकरणात हाच मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. ठरलेल्या रकमेतला साधारण अर्धाच भाग दिलेला होता, म्हणून कौटुंबिक न्यायालयाने सूट नाकारली होती. उरलेली रक्कम हुकूमनाम्यानंतर, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश झाल्यावर, द्यायची, असं अटींतच लिहिलेलं असल्यामुळे उच्च न्यायालयाने सूट दिली. एका वाक्याने किती फरक पडतो, ते पाहा.

घर दोघांच्या नावावर असेल तर कन्सेंट टर्म्सवर बँक बांधील नसते. कर्जातून नाव काढायला बँकेची मंजुरी लागते. अर्जाआधीच बँकेत जाऊन विचारा.

जुन्या केसेस विसरू नका

४९८-अ ची, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाची, फिर्याद दाखल असेल (जुलै २०२४ पासून हे भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे) तर "मी मागे घेते" म्हणून ती संपत नाही. ती रद्द करायला उच्च न्यायालयातच जावं लागतं. कौटुंबिक हिंसाचाराची आणि पोटगीची केस त्या-त्या कोर्टात काढून घ्यावी लागते. कोणती केस कधी काढायची आणि त्यासाठी कुणी कधी सह्या करायच्या, हा क्रम लिहून ठेवला नाही तर "आधी तू, मग मी" यात महिने जातात.

बारीकसारीक, पण तारीख खाणाऱ्या गोष्टी

आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनावच नाही, मधलं नावही बदलतं. विवाह प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं, पॅन तिसऱ्याच नावाने. अर्जात "उर्फ" घालून सगळी नावं लिहा. अर्ज कुठेही करता येत नाही: लग्न झालं ते ठिकाण, शेवटचं एकत्र राहिलात ते, किंवा कायद्याने चालणारं राहण्याचं ठिकाण पाहा. एक जण परदेशात असेल तर मुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉन्फरन्सची परवानगी आधीच मागा. मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी धरून तारखांचा अंदाज बांधा. केसचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा ओळख क्रमांक) ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकून तारीख स्वतः पाहत जा.

नोटरीसमोर स्टँपपेपरवर लिहिलेल्या सोडचिठ्ठीला लवकरचा मार्ग समजू नका. एखाद्या समाजात तशी रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. बाकीच्यांचं लग्न कायद्याने तसंच राहतं, आणि दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा ठरतो.

संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकली पाहिजे. तोवर कुणीही मागे फिरू शकतं. म्हणून लवकर संपावं या घाईत समोरच्याला दाबून सही घेऊ नका. आणि तुमच्यावर दबाव असेल, तर समुपदेशक एकट्याला आत बोलावतात तेव्हा स्पष्ट सांगा. लवकर सुटायचं म्हणून स्त्रीधन आणि पोटगी सोडून आलेल्या बायका दोन वर्षांनी परत येतात, आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

निकाल लागला की त्याच दिवशी प्रमाणित नकलेसाठी अर्ज द्या. पासपोर्ट, बँक, पुढचं लग्न, सगळीकडे हुकूमनाम्याची तीच प्रत मागतात. कौटुंबिक न्यायालयाने संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करण्याआधी प्रत्येक अट शांतपणे वाचून घ्या.