हमिंगबर्डचे रंग शिकवताय? आधी या चुका टाळा

मुलांच्या हातात गुलाबी खडू देऊन हमिंगबर्डचा गळा रंगवून घेणारे पालक दिसले की मला राहवत नाही. ही चूक सगळ्यात आधी मीच केली होती.

आमच्याकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या बाजूला बारा महिने दिसतो तो ॲनाज हमिंगबर्ड. चार-पाच ग्रॅमचा जीव, पाठ हिरवी, आणि नराचं डोकं-गळा झगझगीत राणी कलरचा. रविवारी माझ्या अंगणात सात-आठ मुलं जमतात. पहिल्या वर्षी मी त्यांना छापील चित्रं वाटली, गळे रंगवून झाले, आणि मोठ्या थाटात म्हटलं, "चला, आता खरा बघू." सकाळचे नऊ वाजलेले. साखरपाण्याच्या फीडरवर नर बसलेला, आणि ऊन थेट आमच्या डोळ्यांवर. गळा काळाकुट्ट. "मावशी, हा दुसराच आहे," एक जण म्हणाला. एकीने तर निकालच दिला, "कावळ्याचं पिल्लू आहे." मी समजावायला लागले, तेवढ्यात चप्पल शोधायला कुंपणापाशी गेलेली एक मुलगी तिकडून ओरडली, "पेटला! त्याचा गळा पेटला!" सगळे तिच्याकडे धावले. पक्षी अर्थातच उडाला. सूर्य तिच्या पाठीशी होता आणि पक्ष्याचं तोंड तिच्याकडे, एवढीच गंमत.

चूक चित्राची नव्हती. रंग म्हणजे पिसाला फासलेला डाय, असं मीच मुलांच्या डोक्यात घातलं होतं. त्या गळ्यात गुलाबी द्रव्य नसतंच. असतं ते मेलॅनिन, आपल्या केसांना काळं करतं तेच. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये त्याचे चपटे कण एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक कणाच्या आत हवेचे बुडबुडे. मी मुलांना जाळीदार घावनांची चळत सांगते. प्रत्येक थरावरून थोडा थोडा उजेड परततो. त्यात एका रंगाच्या लहरी एकमेकींना जोर देतात, बाकीच्या एकमेकींना मारतात. कोन बदलला की हिशेब बदलला. गळ्याची पिसं सपाट, म्हणून एकाच दिशेला उजेड फेकतात. पाठीची जराशी वक्र, म्हणून हिरवा बऱ्याच बाजूंनी दिसतो. "मग पाठ का नाही काळी होत?" हे मुलं विचारतातच, उत्तर तयार ठेवा. ड्यूपॉन्ट कंपनीचे अध्यक्ष असलेल्या क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांना हमिंगबर्डचे फोटो काढायचा नाद होता. त्यांनी या थरांचा अभ्यास करून १९६० साली तो प्रसिद्ध केला. एवढी मोठी कंपनी सांभाळून त्यांना वेळ मिळाला. आपल्याला रविवारी वीस मिनिटं मिळत नाहीत, मग आपण व्हिडिओ लावतो.

व्हिडिओ लावू नका. निदान आधी तरी नको. मुलांना सूर्याकडे पाठ करून बसवा आणि गप्प बसा. पहिली दहा मिनिटं चुळबुळ होणारच.

दुसरी लाडकी चूक म्हणजे पैठणीचा दाखला. धूपछाव पदर हलवला की रंग फिरतो, म्हणून सगळ्या आया तोच देतात. पण पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. दोन्ही रंग धाग्यात खरोखर असतात. मूल नेमकं उलटं शिकतं. त्यापेक्षा साबणाचे फुगे उडवा. किंवा मी करते ते करा: ताटात पाणी घ्या, तळाशी काळा कागद बुडवा, वर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब सोडा, तवंग पसरला की कागद अलगद वर उचला आणि वाळू द्या. कागद कलता केला की रंग पळतात. एकच थेंब! जास्त रंग यावेत म्हणून चार थेंब ओतणारं एक मूल दरवेळी असतं. त्याचा थर जाड होतो आणि हाती नुसता चकचकीत काळा कागद येतो.

अंगणात सापडलेलं पीस वर्गात आणू नका. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्याखाली हमिंगबर्डचं गळलेलं पीससुद्धा जवळ ठेवता येत नाही. एका बाबांनी कौतुकाने प्लास्टिकच्या पाकिटात आणलेलं मला परत न्यायला लावावं लागलं. देवघरातलं मोरपीस घ्या. कणांची रचना तिथे वेगळी असते, पण ते खिडकीसमोर उजेडाच्या आड धरलं की निळा-हिरवा जाऊन तपकिरी उरतो. मुलांना तेवढं पुरतं.

"सगळेच रंग उजेडाचे" असंही शिकवून मोकळं होऊ नका. ॲलन्स हमिंगबर्ड या दुसऱ्या जातीच्या कुशीचा आणि शेपटीचा विटकरी रंग खरा रंगद्रव्याचा आहे, कुठूनही तसाच दिसतो.

लाल पाणी प्यायल्याने गळा लाल होत नाही. फीडरमध्ये रंग घालूच नका. एक भाग साधी साखर, चार भाग पाणी. आजींना सांगा, गूळ नको आणि मधही नको.

सुट्टीत पुण्याला गेल्यावर जास्वंदीवर दिसतो तो हमिंगबर्ड नव्हे, शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात.

"खरा रंग कोणता?" असं परीक्षेसारखं विचारू नका. आपल्याला न दिसणारा अतिनील उजेडही या पक्ष्यांना दिसतो.

चित्र मी आजही देते, पण गळा आधी काळा रंगवायला लावते. राणी कलरचा खडू माझ्या खिशात असतो, आणि ज्याला गळा पेटलेला दिसला त्यालाच तो मिळतो. गेल्या हिवाळ्यात एका मुलाचा गळा तीन रविवार काळाच राहिला. त्याची आई माझ्यावर जरा रागावली होती. चौथ्या रविवारी तो खडू मागायला आला, तेव्हा म्हणाला, "मावशी, नारिंगी पण दे. मान वळवताना मधेच नारिंगी झाला होता."